विश्लेषण : ‘एचएलए-बी २७ पॉझिटिव्ह’ म्हणजे मणक्याचा आजार झालाच का?

सकाळी उठताना कंबर लाकडासारखी ताठलेली आणि तासाभराच्या हालचालीनंतर मोकळी, अशी तक्रार घेऊन पंचविशीतला तरुण डॉक्टरांकडे जातो. रक्ताच्या चाचणीचा ‘एचएलए-बी २७ पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि घरात काळजी सुरू होते. ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’ या मणक्यांच्या दीर्घकालीन दाहाच्या आजाराशी या चाचणीचे नाव जोडलेले आहे. पण या रिपोर्टचा अर्थ बऱ्याचदा आहे त्याहून मोठा लावला जातो.

हे जनुक करते काय?

एचएलए-बी जनुक सर्वांमध्येच असते, बी २७ हा त्याचा एक प्रकार. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीच्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर आणून टी-पेशींना दाखवते. तुकडा विषाणूचा असेल, तर टी-पेशी ती पेशी नष्ट करतात. म्हणजे हे पहारेकऱ्याचे काम. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी यांना आवर घालण्यात तर बी २७ इतरांपेक्षा सरस दिसला आहे.

मग दाह का होतो?

या आजाराचा बी २७ शी असलेला संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवला. युरोपीय वंशाच्या दहापैकी जवळपास नऊ रुग्णांत तो आढळतो. तरीही नेमके कारण आजही वादात आहे. काहींच्या मते जंतूच्या तुकड्याशी साम्य असलेला शरीराचाच तुकडा पाहून टी-पेशी फसतात. इतरांच्या मते या प्रथिनाची घडीच नीट बसत नाही, पेशीवर ताण येतो आणि आयएल-२३, आयएल-१७ हे दाह वाढवणारे संदेश सुटतात.

सर्वांत बोलका पुरावा उंदरांचा आहे. १९९० मध्ये अमेरिकेत माणसाचे बी २७ जनुक उंदरांत घातले, तेव्हा त्यांचे सांधे आणि आतडी सुजली. पण १९९४ मध्ये तसेच उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर ना सांधे सुजले ना आतडी! जनुक तेच, फक्त आतड्यातले जिवाणू नव्हते. अनेक रुग्णांच्या आतड्यांतही, पोटाची काही तक्रार नसताना, सूक्ष्म दाह सापडतो.

बी २७ एकटा नाही. या आजाराशी संबंधित जनुकीय जागा शंभरहून अधिक आहेत. त्यातील ईआरएपी-१ हे जनुक प्रथिनांचे तुकडे योग्य लांबीचे कापणारे विकर बनवते. त्याचा परिणाम प्रामुख्याने बी २७ असणाऱ्यांतच दिसतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

बी २७ असलेल्या शंभरांपैकी साधारण पाच किंवा त्याहून कमी लोकांनाच हा आजार होतो. जवळच्या नात्यात रुग्ण असेल तर धोका वाढतो. उलट निगेटिव्ह रिपोर्टने आजार नाही असे ठरत नाही. त्यामुळे तक्रार नसताना घरातल्या सगळ्यांची चाचणी करून घेण्यात फारसा अर्थ नाही.

लक्षणे अधिक सांगतात. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी, विश्रांतीने वाढणारी आणि व्यायामाने कमी होणारी. उत्तररात्री दुखण्याने जाग येणे, एखादा डोळा लाल होऊन दुखणे. असे असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. कंबरेखालच्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये एक्स-रेच्या आधी दाह दिसू शकतो. ‘गादी बदला, आराम करा’ या सल्ल्यांत वर्षे जातात आणि काहींचे मणके तोवर एकमेकांना जुळू लागतात.

उपचारांचे काय?

नियमित व्यायाम आणि दाहशामक गोळ्या हा पाया. त्याने भागले नाही तर टीएनएफ किंवा आयएल-१७ रोखणारी इंजेक्शने. गंमत म्हणजे जनुकांनी आयएल-२३ कडे बोट दाखवूनही, ते रोखणारी औषधे सोरायसिसमध्ये चालली आणि मणक्यांच्या या आजारात अपयशी ठरली. आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागते : टीएनएफ रोखल्यावर शरीरात सुप्त असलेला क्षयरोग उफाळू शकतो, म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधी त्याची तपासणी करतात.