मेघस्तंभ, मान्ना आणि पत्र्याचं शेड

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकतीच निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांची सर्वाधिक हानी झाली. किल्लारी, सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. पक्की घरं मिळेपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले.

त्या दिवशी भाद्रपद पौर्णिमा होती. यहुदी पंचांगात ती तिश्री महिन्याची पंधरावी तिथी, म्हणजे मंडपांच्या सणाचा पहिला दिवस. मिसरातून सुटलेले इस्राएल लोक रानात मांडवांत राहिले, हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून सात दिवस मांडवात राहायचं, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या २३व्या अध्यायात आहे. तिथींचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे. त्यातून भूकंपाचा दैवी अर्थ काढणं हा मृतांवर अन्याय ठरेल. पण घरदार गमावलेल्या माणसाला वाट कशी सापडते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

बायबलचं उत्तर बारकाईने वाचण्यासारखं आहे. देवाने लोकांना पलिष्ट्यांच्या प्रदेशातल्या जवळच्या वाटेने नेलंच नाही. युद्ध दिसताच ते मिसरात परततील, असं कारण निर्गम ग्रंथ देतो. दिवसा मेघस्तंभ, रात्री अग्निस्तंभ पुढे चाले. गणना ग्रंथाच्या नवव्या अध्यायानुसार मेघ थांबला की तळ पडे. कधी दोन दिवस, कधी महिना, कधी त्याहून जास्त. पुढच्या मुक्कामाची आगाऊ माहिती कुणालाच नसे. अशा मुक्कामांची लांबलचक यादी गणनेच्या ३३व्या अध्यायात आहे. वाटेत माराचं कडू पाणी लागलं, तसे एलीमचे १२ झरे आणि ७० खजुरीची झाडंही लागली.

अन्नाचीही तीच रीत. रानात देवाने दिलेला मान्ना रोज पहाटे, त्या दिवसापुरता मिळे. साठवला तर किडे पडत. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. मोजल्यावर जास्त वेचणाऱ्याचं उरलं नाही आणि कमी वेचणाऱ्याला कमी पडलं नाही. म्हणजे मार्गदर्शनात वाटपाचा न्यायही आला.

आणखी एक प्रसंग सहसा प्रवचनांत येत नाही. डोक्यावर मेघ असतानाही इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने होबाब नावाच्या मिद्यानी माणसाची विनवणी केली: रानात तळ कुठे द्यायचा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो. देवावर भिस्त ठेवणाऱ्याने रानाची माहिती असलेल्या माणसाची मदत मागण्यात कमीपणा मानला नाही. भूकंपानंतर आपल्याकडे नवी घरं भूकंपरोधक पद्धतीने बांधली गेली. जाणकारांचं ऐकणं श्रद्धेच्या आड येत नाही, हे होबाबाच्या कथेतून मी शिकतो.

मिसरातून सुटकेची ही कथा मराठीला परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने ती शतकानुशतकं जपली. त्या सुटकेच्या वल्हांडण सणाला वाचायचा हग्गादा १८७४ साली पुण्यात हिब्रू मूळ आणि मराठी अनुवादासह छापला गेला. त्यातल्या चित्रांत भारतीय वेशातल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. लेकरांनी विचारायचं आणि थोरांनी सांगायचं, ही त्या रात्रीची रीत.

रानात असताना लोक कुरकुरले, मिसरातल्या मांसाच्या हंड्या आठवून रडले. आपल्याला कुणी चालवत होतं, याचा उमज त्यांना पडावा म्हणून चाळीस वर्षांच्या अखेरीस मोशेने सगळी वाट आठवायला सांगितली. बायबलमधल्या अनुवाद ग्रंथाचा आठवा अध्याय त्या आठवणीचाच आहे. माझ्या मते देवाचं मार्गदर्शन समजण्याची वाट हीच: आजचं पाऊल आज टाकायचं, मिळालेलं वाटून खायचं, जाणत्याला विचारायचं आणि मागे वळून सगळं आठवायचं.

१९९३ नंतर जन्मलेली पिढी आता घर सांभाळते आहे. शेडमधले दिवस पाहिलेले आजी-आजोबा अजून आपल्यात आहेत. उमरगा, लोहारा, औसा भागातल्या वाचकांना माझी विनंती आहे: या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा, कोण कुणाच्या मदतीला धावलं ते विचारा आणि नावागावासह लिहून ठेवा.