चेहरा खेळाडूचा, गल्ला विद्यापीठाचा

सप्टेंबर २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला ए. जे. ग्रीन चार सामन्यांसाठी निलंबित झाला. (फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून खेळतात तो, अमेरिकी.) आदल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात अंगात घातलेली स्वतःची जर्सी त्याने १,००० डॉलरला विकली, हा त्याचा गुन्हा. घेणारा माणूस नियमांच्या भाषेत ‘एजंट’ ठरला, त्यामुळे पात्रता गेली. शिवाय तेवढीच रक्कम दानधर्माला भरण्याची अट पडली. त्याच दिवसांत विद्यापीठाच्या दुकानात ८ क्रमांकाच्या जर्सी राजरोस विकायला होत्या. ८ हा ग्रीनचाच क्रमांक. पण पाठीवर नाव छापलेलं नव्हतं, म्हणून कागदोपत्री ती जर्सी कुणाचीच नव्हती! ग्रीनविना खेळलेल्या चारपैकी तीन सामने जॉर्जिया हरलं.

गेल्या दीडेक दशकात अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळात जी उलथापालथ झाली, ती समजून घ्यायला हे एक प्रकरण पुरे आहे. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेला खेळाडूंचे आईवडील आले तरी गर्दी झाली म्हणायची. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका सामन्याला लाखावर माणूस बसतो, आणि प्रक्षेपणाचे करार अब्जावधी डॉलरचे असतात. एवढ्या पैशाच्या मधोमध खेळणारा मुलगा मात्र ‘हौशी’ राहिला पाहिजे, असा एनसीएए या नियामक संस्थेचा दंडक होता. शिष्यवृत्ती घ्या, वसतिगृह घ्या, जेवण घ्या. नाव आणि चेहरा यांवर एक डॉलरही घ्यायचा नाही.

ही बंदी कॉलेजात पाऊल ठेवल्यावर सुरू होते असंही नव्हतं. मुलगा नववीत गेला, की या संस्थेच्या लेखी तो भावी खेळाडू. तेव्हापासूनची कमाई पुढे पात्रतेच्या आड येऊ शकत असे. जेरेमी ब्लूम हा बर्फावरचा स्कीपटू कोलोरॅडो विद्यापीठात फुटबॉलही खेळायचा. स्कीइंगचा खर्च प्रायोजकांशिवाय भागत नाही, आणि ते प्रायोजक त्याला स्कीइंगमुळे मिळालेले. फुटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तरीही २००४ मध्ये त्याची फुटबॉलची पात्रता काढून घेतली गेली. पुढे तो २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी उतरला.

नियमावलीतलं सगळ्यात मासलेवाईक कलम टी-शर्टवाल्यांचं होतं. एखाद्या दुकानदाराने खेळाडूला न विचारता त्याचं नाव किंवा फोटो छापून माल विकला, तर तो थांबवण्याची जबाबदारी खेळाडूवर किंवा त्याच्या वतीने विद्यापीठावर. काही हालचाल केली नाही, तर पात्रता धोक्यात यायची ती खेळाडूची. चोरी दुसऱ्याची आणि जाब घरमालकाला! टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा जॉनी मॅन्झील २०१२ मध्ये पहिल्याच हंगामात सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा हाइझमन करंडक जिंकला, आणि ‘जॉनी फुटबॉल’ या त्याच्या टोपणनावाचे टी-शर्ट निघाले. त्याच्या घरच्यांनी कंपनी काढून एका विक्रेत्यावर दावा लावला. तेव्हा एनसीएएने निर्वाळा दिला, की नुकसानभरपाई मिळाली तर ती मॅन्झीलने खुशाल ठेवावी. म्हणजे स्वतःचा टी-शर्ट विकून पैसे मिळवले तर खेळ बंद. दुसऱ्याने विकला म्हणून त्याला कोर्टात खेचून मिळवले तर चालतील.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये, सह्यांचे पैसे घेतल्याच्या संशयावरून मॅन्झीलची चौकशी चालू असताना जे बिलास या समालोचकाने एक साधी गोष्ट केली. एनसीएएच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात ‘मॅन्झील’ हे नाव शोधलं. समोर आली टेक्सास ए अँड एमची २ क्रमांकाची जर्सी. जर्सीवर नाव नाही. दुकानाच्या यंत्राला मात्र ती कुणाची ते पक्कं ठाऊक. दोनच दिवसांत अध्यक्ष मार्क एमर्ट यांनी तो व्यवसाय बंद करत असल्याचं सांगितलं, आणि हा प्रकार लोकांना ढोंगीपणाचा वाटू शकतो हेही मान्य केलं. मॅन्झीलला शिक्षा झाली अर्ध्या सामन्याची. माझ्या मते हौशीपणाची नैतिक इमारत पडली ती त्या शोधपट्टीतच. कोर्टांनी नंतर फक्त राडारोडा उचलला.

कोर्टात हा प्रश्न नेला एड ओ’बॅननने. १९९५ मध्ये यूसीएलएला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा हा खेळाडू पुढे मोटारी विकण्याच्या धंद्यात होता. एका मित्राच्या घरी त्याला व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला: टक्कल, डावखुरा, ३१ क्रमांक, सगळं तेच, फक्त नाव नाही. २००९ मध्ये त्याने दावा ठोकला. फुटबॉलपटू सॅम केलरनेही त्याच वर्षी गेमच्या कंपनीला कोर्टात ओढलं. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ओ’बॅननच्या बाजूने निकाल दिला. वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूच्या नावे बाजूला ठेवण्याची मुभा त्यात होती. ती वरच्या कोर्टाने २०१५ मध्ये काढून टाकली. पण नियम स्पर्धाविरोधी कायद्याच्या कचाट्यात येतात, हे तत्त्व टिकलं. कंपनीने फुटबॉलचा गेमच काढायचा बंद केला. तो परत आला थेट २०२४ मध्ये, खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊन. नावासकट.

यात एनसीएएची बाजू अगदीच पोकळ होती असं म्हणता येणार नाही. पैसा मोकळा सोडला तर श्रीमंत माजी विद्यार्थी सतरा वर्षांच्या पोरांचे लिलाव मांडतील, ही भीती खरीच होती. पण त्या भीतीवर उपाय म्हणून साधा, पाळता येईल असा नियम करायला संस्थेकडे वर्षानुवर्षं होती. जवळपास साडेतीन दशकं तिचा कारभार हाकलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, पुस्तक लिहून ही व्यवस्था खेळाडूंचं शोषण करते असं सांगितलं होतं. ऐकलं कुणी नाही.

मग गोष्टी भराभर घडल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना नाव-चेहऱ्यावर कमाईचा हक्क देणारा कायदा केला. विधिमंडळातल्या अखेरच्या मतदानात विरोधात एकही मत पडलं नाही. पाठोपाठ इतर राज्यं निघाली. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० असा निकाल दिला. तो खटला शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण वारं कुठल्या दिशेने आहे ते दहा दिवसांत दिसलं: १ जुलैपासून एनसीएएने बंदी उठवली.

आणि भीती होती तेच झालं, कारण नियम आले वरातीमागून. टेक्सासमध्ये शाळकरी खेळाडूला कमाईची परवानगी नव्हती, तर क्विन युअर्स शाळेचं शेवटचं वर्ष सोडून २०२१ मध्येच ओहायो स्टेटला दाखल झाला. हितचिंतकांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाचे निधी उभारले. जाहिरात नावापुरती, खरा सौदा प्रवेशाचा. जेडन रशादा या क्वार्टरबॅकने फ्लोरिडासाठी सही केली, ती १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरच्या करारावर विसंबून. करार फिसकटला आणि २०२४ मध्ये त्याने प्रशिक्षकासह इतरांवर फसवणुकीचा दावा केला. त्याच वर्षी टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यांच्या दाव्यात कोर्टाने, भरतीच्या वेळी अशा पैशांची बोलणी करण्यावरची बंदीही एनसीएएला राबवू दिली नाही. ज्या मुलांसाठी ‘संरक्षण’ म्हणून सगळा खटाटोप चालला होता, त्यांना कायद्याची ओळख झाली ती वकिलाच्या कचेरीत.

६ जून २०२५ रोजी विल्कन यांनीच एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. मागच्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलर. पुढे विद्यापीठांनी पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंत वाटायचे. बाहेरचे ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे करार तपासणीला द्यायचे. मागचे खेळाडू म्हणजे २०१६ पासूनचे. ओ’बॅनन आणि त्याच्या पिढीला या रकमेत वाटा नाही.

राहता राहिला एक गट, आणि तो आपल्या घरांशी संबंधित आहे. भारतातूनही मुलं खेळाच्या जोरावर या विद्यापीठांत जातात. उंच उडीपटू तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचं विजेतेपद मिळवलं. पण एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला अमेरिकेत कामावर कडक बंधनं आहेत, आणि प्रायोजकाचा करार त्यांत अडकू शकतो. संघसोबती जाहिरात करील, टी-शर्ट विकेल. याने तेच केलं तर प्रश्न पात्रतेचा नसून देशात राहण्याचा होईल. तेव्हा पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून कुणाचं मूल टेनिसच्या रॅकेटवर किंवा जलतरणावर शिष्यवृत्ती मिळवून निघालं असेल, तर फोटो वापरायच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आणि व्हिसाच्या वकिलाकडे विचारून घ्या. प्रशिक्षकाच्या तोंडी हमीवर विसंबू नका.