पिक्चर बघितलाय, की नुसतंच वाटतंय?

‘आय थिंक द फिल्म इज गुड.’ हे वाक्य नॉर्वेजियन भाषेत न्यायचंय. सहा शब्द, व्याकरण शाळेतलं, अवघड म्हणावं असं काहीच नाही. पण नॉर्वेजियन भाषांतरकार पहिल्या दोन शब्दांपाशीच थांबेल आणि तुम्हाला उलट विचारेल, ‘तुम्ही पिक्चर बघितलाय का?’

हा भोचकपणा नाही. तुमच्या उत्तरावर त्याचं क्रियापद ठरणार असतं. पिक्चर बघून मत झालं असेल तर तो ‘सीनेस’ वापरेल. (उच्चार करून बघा: ‘सी’ म्हणायचं, पण ओठ ‘सू’ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे.) ट्रेलर बघून, हिरो आवडतो म्हणून, नुसता अंदाज बांधला असेल तर ‘त्रूर’. इंग्रजीतला एकच ‘थिंक’ दोन्हीकडे चालतो. नॉर्वेजियनमध्ये ती पळवाट नाही.

‘सीनेस’चं नातं पाहण्याशी आहे. नॉर्वेजियनमध्ये ‘सीन’ म्हणजे दृष्टी, आणि ‘सीनेस’चा एक अर्थ आजही ‘दिसणे’ असाच आहे. मत द्यायचं तर आधी काहीतरी पाहिलेलं, चाखलेलं, अनुभवलेलं हवं. ‘त्रू’ मात्र श्रद्धेच्या घरातला शब्द. देवावर विश्वास ठेवायचा तोही ‘त्रू’, आणि उद्या पाऊस पडेल असं वाटतं तेही ‘त्रू’च. म्हणून जिथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही, खरं की खोटं एवढाच मामला आहे, तिथे ‘त्रूर’ येतो. ‘तो घरी असेल असं वाटतं’, ‘शेवटची बस गेली असं वाटतं’ या वाक्यांत ‘सीनेस’ घातलात तर ऐकणारा गोंधळेल. बस गेली की नाही, यावर मत कसलं असणार?

आता कल्पना करा, तुम्ही बर्गनमध्ये कुणाकडे जेवायला गेलाय. पानात फोरिकोल आहे, म्हणजे मटण आणि कोबी एकत्र शिजवलेला, नॉर्वेचा राष्ट्रीय पदार्थ. (मटणात कोबी! पण पाहुण्याने तोंड वाकडं करायचं नसतं.) दोन घास झाल्यावर यजमान विचारतात, ‘वा सीनेस दू?’, कसं वाटलं? त्यावर तुम्ही ‘त्रूर’ लावून कौतुक केलंत, तर त्याचा अर्थ साधारण ‘चांगलं असावं बहुतेक’ असा होईल. घास तर तुमच्या तोंडात आहे!

बरं, एवढ्यावर भागत नाही. डोक्यात विचार चाललाय, कुणाची आठवण येतेय, सुट्टीत कुठे जायचा बेत आहे, यासाठी तिसरा शब्द आहे, ‘तेंके’. चौथा ‘मेने’. हा वादविवादातला, ठाम भूमिकेचा शब्द. सरकारने अमुक करावं असं माझं मत आहे, हे ‘मेने’ने सांगतात. गंमत म्हणजे ‘वा मेनेर दू?’ याचा अर्थ ‘तुझं मत काय?’ असाही होतो आणि ‘तुला म्हणायचंय काय?’ असाही. म्हणजे नॉर्वेजियनमध्ये सगळं चोख आहे असंही समजू नका.

मग इंग्रजी सिनेमातल्या ‘व्हॉट डू यू थिंक?’चं काय करायचं? हा नॉर्वेत रोजचा प्रश्न आहे, कारण तिथे लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर परदेशी सिनेमे आणि मालिका सहसा डब करत नाहीत. पडद्याखाली ओळी येतात. त्या लिहिणाऱ्याला आधी प्रसंग बघावा लागतो. पात्राच्या हातात सूपचा चमचा असेल तर ‘सीनेस’. खून कुणी केला यावर डोकं खाजवणं चालू असेल तर ‘त्रूर’. प्रेयसी खिडकीबाहेर बघत गप्प बसली असेल तर ‘तेंके’. सुटं वाक्य मशीनला दिलं, तर यातलं काहीच त्याला दिसत नाही आणि ते एक शब्द उचलून देतं. तो बरोबर निघाला तरी त्यात नशिबाचाच भाग मोठा.

सिनेमात चुकलं तर फार तर हसू होईल. पोलीस चौकशीत किंवा कोर्टात तसं नाही. इंग्रजीत साक्ष देणारा एखादा जण म्हणतो, ‘आय थिंक आय सॉ हिम.’ त्याला खरंच कुणी दिसल्यासारखं झालं होतं, की सगळं कळल्यावर आता तो अंदाज बांधतोय? पहिल्यासाठी ‘सीनेस’चा भूतकाळ आहे, दुसऱ्यासाठी ‘त्रूर’. एका क्रियापदाने साक्षीचं वजन बदलतं. चांगला दुभाषा इथे मनाने शब्द निवडत नाही. थांबतो आणि विचारून घेतो. नॉर्वेत 2022पासून दुभाष्यांसाठी वेगळा कायदाच लागू आहे. गरज असेल तिथे सरकारी यंत्रणेने पात्र दुभाषा द्यायचा आणि घरातल्या लहान मुलांना त्या कामाला जुंपायचं नाही, हे त्यात आहे. ‘इंग्रजी येतं ना, मग झालं की’ म्हणणाऱ्यांनी हे ‘थिंक’ प्रकरण एकदा बघावं.

आता आपल्याकडे या. पहिल्या झटक्यात ‘आय थिंक’ म्हणजे ‘मला वाटतं की’ असं आपण ठोकून देतो, आणि मग मराठीही इंग्रजीइतकीच मोघम वाटायला लागते. पण कट्ट्यावर तुम्ही खरंच असं बोलता का? पिक्चर बघून आलात की म्हणता, ‘मला भारी वाटला.’ बघितला नसेल तर, ‘भारी असेल असं वाटतंय.’ थिएटरबाहेरची गर्दी बघून, ‘भारी आहे वाटतं.’ तोच ‘वाट’ धातू, पण काळ बदलला, जागा बदलली, ‘मला’ गळून पडलं, की ऐकणाऱ्याला कळतं तुम्ही कुठे उभे राहून बोलताय. नॉर्वेजियन जे काम दोन क्रियापदांकडून करून घेते, त्यातलं बरंचसं मराठी एकाच क्रियापदाला वाकवून करते.

आणि ऐकीव माहिती असेल तर आपलं लाडकं ‘म्हणे’ आहेच. ‘पिक्चर भारी आहे म्हणे.’ जबाबदारी परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात! यालाही नॉर्वेजियनमध्ये जोड आहे, ‘स्काल’. एरवी हे भविष्याचं, ठरलेल्या गोष्टीचं साहाय्यक क्रियापद, पण ‘पिक्चर स्काल चांगला असणे’ अशा रचनेत त्याचा अर्थ थेट ‘आहे म्हणे’ असा होतो. इंग्रजीतून जायचं तर मध्ये ‘इट इज सेड दॅट’सारखं लांबलचक काहीतरी लागतं. मराठीतून नॉर्वेजियनमध्ये मात्र ते एका शब्दात उतरतं.

सेमिस्टरचा पेपर जवळ आलाच असेल. ‘आय थिंक द पेपर इज डिफिकल्ट’ हे वाक्य परीक्षेच्या आदल्या रात्री, पेपर हातात पडल्यावर आणि सीनियरशी बोलून आल्यावर असं तीन वेळा मराठीत म्हणून बघा. मग प्रत्येकापुढे ‘त्रूर’, ‘सीनेस’ की ‘स्काल’, ते लिहा.