फराळाचे ताट आणि अतिथीचा मान

‘फराळ’ हा शब्द संस्कृत ‘फलाहार’ या शब्दापासून आला. दीपावलीच्या ताटातून फळे केव्हाच गेली; तरी हलका आहार हा त्या शब्दातील आशय विसरता कामा नये. पाडवा-भाऊबीजेला मांजर्लीत येणारा पाहुणा एकाच दिवशी चार-पाच घरी जातो. घरोघरी शिगोशीग भरलेले ताट पुढे आले, तर स्नेहाचे ओझे होते आणि अन्न वाया जाते.

म्हणून ताटली लहान घ्यावी. वाटीत मूठभर चिवडा, शेजारी एक चकली व थोडी शेव. दुसऱ्या बाजूस एक करंजी आणि एक अनारसा. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी पालटून, त्यांचे पीठ गुळात मळून केलेला अनारसा गृहिणीच्या श्रमांची साक्ष देतो. चकली हवेने सादळते. तेव्हा डबा पाहुणा आल्यावरच उघडावा. मधुमेही पाहुण्यास गोडाचा आग्रह तर मुळीच करू नये.

तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीस देव मानावयास सांगितले आहे. देवापुढे नैवेद्य ठेवून आपण हात जोडतो, आग्रह करीत नाही. अतिथीपुढेही तेच उचित होय.