वेळेचे बांधकाम

स्लॅब टाकायच्या सकाळी साइटवर सगळ्यांचे एक लक्ष आभाळाकडे असते आणि दुसरे रस्त्याकडे. तयार काँक्रीटची (आरएमसी) पहिली गाडी फाटकातून आत आली की घमेलेभर काँक्रीट काढून घेतात. ३०० मिलिमीटर उंचीच्या निमुळत्या लोखंडी साच्यात ते थराथराने भरतात आणि प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठोसतात. मग साचा सावकाश वर उचलला की ओले काँक्रीट खाली बसते. किती बसले ते पट्टीने मोजले, की गाडी पंपाला लावायची की परत पाठवायची हे ठरते. त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून पाण्यात ठेवले जातात. काही सातव्या दिवशी फोडतात, बाकीचे अठ्ठाविसाव्या दिवशी.

अठ्ठाविसाव्या दिवशी खरी ताकद कळते, पण तोवर वर आणखी मजले चढलेले असतात. ज्या गोष्टीची खात्री महिन्याने मिळणार, तिच्या भरवशावर आज काम पुढे न्यायचे आणि तरी कोणाचा जीव धोक्यात घालायचा नाही, ही बांधकाम व्यवस्थापनाची खरी परीक्षा. पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवतात ते हेच.

स्थापत्य शाखेचा पदवीधर तुळईत सळई किती लागेल याचे गणित बिनचूक करतो. ती सळई कोणत्या दिवशी मागवायची, गवंड्याआधी कोणाला बोलवायचे, पाऊस लांबला तर करारात काय लिहिले आहे, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या पुस्तकांत फारशी नसतात. आपल्याकडे इंजिनिअर घडवण्याची परंपरा जुनी आहे. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तो सरकारी बांधकामांना तयार माणसे हवी होती म्हणून. त्याच वर्गाचे पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सीओईपी, झाले. बांधकामाचे व्यवस्थापन ही स्वतंत्र विद्या आहे हे मान्य व्हायला मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली.

१९८३ मध्ये बांधकाम उद्योगानेच पुढाकार घेऊन नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड रिसर्च उभी केली. साइटवर आणि कॉलेजच्या कट्ट्यावर तिला सगळे ‘निकमार’ म्हणूनच ओळखतात. पुण्यात बालेवाडीला तिचा मोठा परिसर आहे, गोव्यात फोंड्याजवळ फर्मागुडीला आणि हैदराबादलाही केंद्रे आहेत. ‘प्रगत बांधकाम व्यवस्थापन’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिची ओळख बनला. २०२२ मध्ये पुण्याची संस्था विद्यापीठ झाली. आता मुंबईच्या व्हीजेटीआयपासून दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींपर्यंत हा विषय एम.टेक.ला शिकवला जातो.

या अभ्यासाचा कणा म्हणजे वेळापत्रक. ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या कारखान्यांसाठी तयार झाली. नाव भारदस्त असले तरी आतली कल्पना साधी आहे. समजा, एका मजल्याच्या सेंट्रिंगला ५ दिवस, सळई बांधायला ३, विजेच्या नळ्या टाकायला १, आणि तपासणी व काँक्रीटला १ दिवस लागतो. एकामागून एक मिळून १० दिवस झाले. त्याच काळात खालच्या एका मजल्यावर ६ दिवसांचे वीटकाम करायचे आहे. ते ४ दिवस उशिरा सुरू झाले तरी काही अडत नाही. पण नळ्या टाकणारा एक दिवस आला नाही, तर स्लॅब एक दिवस पुढे जातो आणि त्याच्यामागून वरचे सगळे मजलेही. साइटवर आरडाओरडा बहुधा वीटकामावर चालतो, कारण ते डोळ्यांना दिसते. खरा दिवस गेलेला असतो तो नळ्यांपायी. कोणाच्या उशिराने इमारत थांबते आणि कोणाच्या उशिराने थांबत नाही, हे ओळखायची नजर या शिक्षणातून येते. ‘प्रायमाव्हेरा’सारखे सॉफ्टवेअर हजारो कामांची जाळी क्षणात मांडून देते, पण ‘सेंट्रिंगला ५ दिवस’ हा आकडा खरा की खोटा, ते मुकादमाला विचारल्याशिवाय कळत नाही.

काही दिवस पैसे ओतूनही वाचत नाहीत. आयएस ४५६ या मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू निदान ७ दिवस ठेवायचे असतात, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. सहा मीटरहून लांब तुळईला २१ दिवस. मजूर दुप्पट केले म्हणून सिमेंट लवकर घट्ट होत नाही. विक्रीच्या घाईत असलेल्या मालकाला हे शांतपणे, कागद दाखवून सांगता येणे, हेही व्यवस्थापनच.

दुसरा मोठा विषय करारांचा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ५५वे कलम मुदतीबद्दल आहे, आणि बांधकामातले कितीतरी वाद शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबतात. मोठ्या प्रकल्पांत ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नमुना करार वापरतात. तिच्या १९९९ च्या लाल पुस्तकात अट आहे, की वाढीव मुदत किंवा पैसा मागायचा असेल तर कारण कळल्यापासून २८ दिवसांत ठेकेदाराने नोटीस द्यायला हवी. ठोकळ्याला २८ दिवस, कागदालाही २८ दिवस. फरक एवढाच, की ठोकळा हौदात आपोआप पिकतो, नोटीस मात्र कोणीतरी लिहावी लागते. रात्री कंटाळा न करता रोजची नोंद लिहिणारा तरुण इंजिनिअर कंपनीला केवढ्या नुकसानीतून वाचवतो, हे वाद उभा राहीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्या विषयाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: माणसांचा. साइटवर राबणारे बहुतेक जण दूरच्या गावांतून आलेले असतात. १९९६ मध्ये संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, तात्पुरता निवारा आणि पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर, अशा तरतुदी त्यात आल्या. त्यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी धरला तर त्या साइटवर दिसतात. धरला नाही तर मूल वाळूच्या ढिगावर झोपलेले दिसते. सुरक्षेच्या पट्ट्याचेही तेच आहे. व्यवस्थापकाने कोष्टकात एक ओळ लिहिली की नाही, यावर कोणाचे तरी घरी परतणे अवलंबून असते.

हे शिक्षण घ्यावे का, असे विचारणाऱ्या मुलामुलींना माझे उत्तर ठाम ‘हो’ आहे. आपल्या शहरांत वेगाने चालू असलेल्या बांधकामांना हिशेब, करार आणि माणूस असे तिन्ही कळणारे लोक हवेत. मात्र पदवीनंतर थेट वर्गात जाऊ नका. निदान दोन पावसाळे साइटवर काढा. साच्यातले काँक्रीट कसे बसते ते वाकून बघा, मुकादमाशी बोला, मोजमाप पुस्तक स्वतःच्या हाताने लिहा. मग वर्गात बसाल तेव्हा फळ्यावरच्या प्रत्येक रेषेमागे एक ओळखीचा माणूस उभा दिसेल, आणि त्याच्या जिवाची जबाबदारी आपली आहे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.