हिमपादुकांची परीक्षा डोंगरावरच!

जानेवारीतला केदारकंठा म्हणजे भटक्यांची चंगळ! उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सुमारे १२,५०० फूट उंचीच्या या शिखराकडे दर हिवाळ्यात देशभरातले हौशी लोक निघतात आणि त्यात मुंबई-पुण्याची मंडळी काही कमी नसतात. सांक्री गावाहून वर जाणारी वाट वर्दळीने घट्ट झालेली असते. तिथे चांगले बूट आणि त्यांवर चढवायची दातेरी साखळी पुरते. पण रात्रीत दोन-तीन फूट ताजा बर्फ पडला, की तीच वाट ओळखू येत नाही. एक पाय मांडीपर्यंत आत जातो, तो उपसून काढावा तर दुसरा रुततो. तासाभराच्या अंतराला तीन तास लागतात. घामाने आतले कपडे भिजतात आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरते.

अशा वेळी कामी येतात स्नो-शू. मराठीत हिमपादुका म्हणायला हरकत नाही. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी लाकडाची चौकट वाकवून त्यात कातड्याच्या वाद्या विणल्या आणि हिवाळ्यातली शिकार साधली. आता चौकट ॲल्युमिनियमची आणि जाळीच्या जागी प्लॅस्टिकचा पत्रा असतो, इतकेच. युक्ती तीच. बुटाच्या एका तळव्याचे क्षेत्रफळ साधारण अडीचशे चौरस सेंटिमीटर असते, तर २५ इंच लांब, ८ इंच रुंद हिमपादुकेचे हजारावर. सत्तर किलोंचा भार चौपट जागेवर पसरला, की पाय वीतभरच रुततो.

दुकानाच्या फरशीवर सगळेच जोड छान वाटतात! खरी परीक्षा डोंगरात. जोड निवडताना आपल्या वजनात पाठीवरच्या पिशवीचे वजन मिळवायला विसरू नये. मग मोठ्या मोहिमेआधी एक अख्खा दिवस त्यासाठी राखून ठेवावा. पहिली कसोटी पट्ट्यांची. जाड हातमोजे घालून ते आवळता आले पाहिजेत. उघड्या बोटांनीच जमत असेल तर तो जोड परत करावा. दहा मिनिटे चालून थांबावे आणि पट्टे सैल पडले का ते पाहावे.

सपाटीवर पाय थोडे फाकून चालावे लागते, नाहीतर एका पादुकेवर दुसरी पडून माणूस तोंडघशी. मागे चालणे तर सोडाच, शेपटी बर्फात अडकते. वळायचे झाले तर छोटा वळसा घ्यावा. चढणीवर चवड्याखालचे लोखंडी दात रुतवत जायचे. टाचेखाली उचलायची दांडी असेल तर पोटऱ्यांना केवढा आराम मिळतो! उतरणीवर मात्र गुडघे किंचित वाकवून, सावकाश. उन्हे चढल्यावर ओला बर्फ दातांत गोळ्यांसारखा बसतो, तो काठीने झटकावा. पुढचा वाट फोडतो म्हणून लवकर थकतो, तेव्हा पाळीपाळीने पुढे व्हावे. पहिल्या दिवशी जांघा हमखास दुखतात.

पण पादुका आल्या म्हणून सगळा डोंगर खुला झाला, असे नव्हे. वाऱ्याने टणक झालेल्या तीव्र उतारावर त्या घसरतात. तिथे काढून दातेरी साखळीच चढवावी. ताज्या बर्फानंतर तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार हिमस्खलनाचे असतात आणि पादुका घातलेल्याला पळता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच उत्तरकाशी जिल्ह्यात, द्रौपदी का डांडा शिखरावर, नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीतले पंचवीसहून अधिक जण हिमस्खलनात गेले, आणि ती तर शिक्षण घेणारी-देणारी माणसे होती. स्थानिक वाटाड्या नको म्हणाला तर हट्ट धरू नये.

दुपारी एक वाजला, की शिखर हाताशी दिसत असले तरी माघारी वळावे. जानेवारीत तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मऊ पडलेली वाट काचेसारखी होते. मुक्कामी आल्यावर पादुका झटकून, पट्टे पुसून शेकोटीपासून लांबच वाळत ठेवाव्यात. प्लॅस्टिक आहे ते, वितळायला वेळ लागत नाही.