काळा धूर म्हणजे इंजिन गेलं असं नव्हे

मोटारसायकलच्या सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला की, पहिली धास्ती वाटते ती खर्चाची. ‘इंजिनचं काम निघालं’ असं कुणीतरी सांगतं आणि महिन्याचं गणित कोलमडतं. दुचाकी दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, काळ्या धुरासाठी इंजिन उघडण्याची वेळ क्वचितच येते. दुखणं बहुतेकदा इंजिनच्या बाहेर, हवेच्या किंवा पेट्रोलच्या वाटेवर असतं.

पेट्रोल जळायला हवा लागते आणि ती आपल्या कल्पनेपेक्षा फार जास्त लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. म्हणजे एक लिटर पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे ९,००० लिटर हवा हवी. दहा बाय दहाच्या खोलीतली जवळजवळ एक तृतीयांश! हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त आलं की ते अर्धवट जळतं आणि काजळी धरते. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळवंडते, तसंच हे. गॅरेजमध्ये याला ‘मिश्रण रिच झालं’ म्हणतात.

म्हणून आधी धुराचा रंग पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तिथे पिस्टन-रिंगचं किंवा व्हॉल्व्हच्या सीलचं काम असू शकतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. खात्री करायची तर प्लग काढा. त्यावर कोरडी, हाताला लागणारी काजळी असेल तर मिश्रण रिच आहे. तेलकट, ओला काळेपणा असेल तर गोष्ट वेगळी. चांगल्या चालणाऱ्या गाडीच्या प्लगचं टोक फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचं दिसतं.

आता कार्ब्युरेटरच्या गाडीत दोष शोधायचा कसा? बिनखर्चाच्या गोष्टीपासून सुरुवात करायची. पहिला चोक. सकाळी ओढलेला चोक तसाच राहिला किंवा त्याची केबल अडकली, तर गाडी थंड असताना बरी चालते आणि गरम झाली की गुदमरते. दुसरा एअर फिल्टर. धुळीने तो गच्च भरला की हवा कोंडते. स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून, ऑइलचा हलका हात देऊन परत बसवता येतो. कागदाचा मात्र धुवू नये, बदलावा. फिल्टर काढून गाडी पळवणं हा उपाय नव्हे. धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि मग खरोखरच इंजिनचं काम निघतं.

तिसरा फ्लोट. घरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉल असतो, तसाच कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो. त्याची सुई झिजली किंवा तिथे कचरा अडकला की पेट्रोल बंद होत नाही, पातळी वाढते. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडत असतील तर दोष इथे धरावा आणि गाडी उभी करताना कॉक बंद करावा. हे पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते बदलावंच. पातळ झालेलं ऑइल इंजिन झिजवतं.

त्यानंतर जेट आणि त्यातली सुई झिजली आहे का, कुणी मोठ्या नंबरचा जेट घातला आहे का, ते पाहायचं. मिक्श्चरचा स्क्रू सर्वांत शेवटी. अनेकजण नेमका तोच आधी फिरवतात. तो मुख्यतः आयडलिंगपुरता असतो. शिवाय काही कार्ब्युरेटरमध्ये तो बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, तर काहींत उलट!

एका दूधवाल्याला एका गॅरेजने रिबोअरचा खर्च सांगितला होता. गाडी माझ्याकडे आली तेव्हा प्लगवर कोरडी काजळी होती आणि फिल्टर मातीने भरलेला. फिल्टर नवा घातला, फ्लोटचं चेंबर साफ केलं, प्लग पुसला. काळा धूर थांबला. रिबोअर करावंच लागलं नाही.

भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे फिरवायला स्क्रू नाही. इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला तर गरम इंजिनलाही थंड समजून पेट्रोल जास्त सोडलं जातं. अशी गाडी स्कॅनरवर तपासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. अर्धवट जळलेल्या पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. शटर ओढलेल्या दुकानात, बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून तपासणी कधीही करू नका. गाडी मोकळ्यावर काढा. आणि ‘इंजिन उघडावं लागेल’ असं कुणी म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: प्लग पाहिला का? फिल्टर पाहिला का?